एकतिसावी तार

मित्रांनो, ज्या दिवशी आमच्या कारखान्याच्या दारावर नोटीस लागली, त्या दिवशी माझ्यावर सतरा तारा मांडून झाल्या होत्या आणि अठरावी धनश्रीच्या हातात होती. चहाची वेळ झाली नव्हती, तरी सगळ्या बाया उठून दाराकडे गेल्या. धनश्रीने हातातली तार माझ्या एका खुंटीवर लोंबती ठेवली आणि तीही गेली.

परत आली तेव्हा तिने ती तार उचलली नाही. स्टुलावर बसून राहिली. मग शेजारच्या सरलाबाईंना म्हणाली, "बरं झालं बाई, सुभद्राकाकू हे बघायला नाहीत."

सरलाबाई म्हणाल्या, "त्या असत्या तर आधी सतराच्या अठरा केल्या असत्या. मग रडल्या असत्या."

मी एक जुना फळा आहे. शाळेतला नव्हे. माझ्यावर खडूने कोणी लिहीत नाही. माझ्यावर तारा मांडतात. रिक्षाचा दिवा, हॉर्न, स्टार्टर, ब्रेकचा लाल दिवा, या सगळ्यांना वीज नेणाऱ्या तारांचा एक जुडगा असतो. त्याला वायरिंग म्हणतात. तो जुडगा हवेत बांधता येत नाही. कुठून कोणती तार निघते, कुठे वळते, कुठे फाटा फुटतो, हे ठरलेलं असतं. ते ठरवून देणारा मी. माझ्या अंगावर लोखंडी खुंट्या आहेत, शेंड्याला दोन बोटांसारख्या फुटलेल्या. त्यांच्या बेचक्यात तार बसवत जायची. एकतीस तारा बसल्या की त्यांच्यावर टेप गुंडाळायची, टोकांना जोडणीचे कपलर लावायचे आणि जुडगा उचलून घ्यायचा. मी रिकामा होतो. मग पुन्हा पहिली तार.

एकोणीस वर्षं मी दिवसातून पन्नास-साठ वेळा भरलो आणि रिकामा झालो.

मला दगाने बनवलं. दगा हा कारखान्याचा सुतार आणि फिटर, दोन्ही. तो शिरपूरकडचा. सुरतेला आला तेव्हा आधी लूमवर, म्हणजे कापडाच्या मागावर, होता, पण लूमच्या आवाजात त्याचं डोकं दुखायचं, म्हणून त्याने वडिलांची रंधा-करवत पुन्हा हातात घेतली. कडोदरा ओलांडून बारडोलीच्या रस्त्याला मालक मगनभाईंनी कारखान्यासाठी पत्र्याची शेड टाकली होती. तिथे तो लागला. सात फूट लांब आणि तीन फूट रुंद प्लायवूड, त्याला सागाची चौकट, वर गाडीच्या कंपनीने दिलेलं ड्रॉइंग चिकटवलेलं. त्या ड्रॉइंगवर जिथे जिथे टिंब होतं तिथे दगाने भोक पाडून खुंटी ठोकली. अशा चव्वेचाळीस खुंट्या. एकही तिरकी नाही. काम झाल्यावर त्याने माझ्यावरून पालथा हात फिरवला आणि म्हणाला, "चाली जाई." म्हणजे चालून जाईल. दगा कोणत्याही गोष्टीला याहून जास्त कधी वाखाणत नसे.

माझ्यावर काम करायला सुभद्राबाई आल्या. त्या दगाची बायको.

सुभद्राबाईंना मराठी जेमतेम वाचता यायचं. ड्रॉइंगवर तारांची नावं इंग्रजी अक्षरांत होती. रंगासाठी एक अक्षर, पट्ट्यासाठी दुसरं. बाकीच्या बाया बघून बघून शिकत होत्या आणि चुकत होत्या. एखादी तार राहून जायची. तपासणीच्या टेबलावर दिवा लागायचा नाही आणि सगळा जुडगा उसवावा लागायचा. पहिल्या आठवड्यात सुभद्राबाईंच्याही चार तारा राहिल्या. सुपरवायझर ओरडला. दुसऱ्या दिवशी आल्या त्या वेगळीच पद्धत घेऊन.

तुमच्यातली जी मुलं खानदेशातली असतील त्यांना कानबाई माहीत असेल. श्रावणात ही देवी घरोघरी बसते. तिच्या नैवेद्याच्या रोटांसाठी गहू घेतात, तेव्हा घरातल्या एकेका पुरुषाचं नाव घेऊन सव्वा सव्वा मूठ गहू सुपात टाकतात. दूरगावी गेलेल्याचंही नाव घेतात. कोणी विसरायचा नाही. सुभद्राबाईंनी हीच रीत माझ्यावर आणली. त्यांनी एकेका तारेला एक नाव दिलं. लाईनवर, फळ्यांच्या त्या रांगेत, तेवढ्या बाया नव्हत्या, म्हणून गल्लीतल्या, माहेरच्या, पाण्याच्या नळावरच्या बायांचीही नावं घेतली.

पहिली लाल तार सरलाबाईंची, कारण फाटकाशी सगळ्यात आधी त्याच येत. पिवळी रुक्मिणीची, त्या महिन्यात तिच्या पोरीची हळद होती. तपकिरी चंचलबेनची, ती चहाशिवाय बोलत नसे. हिरवीवर पांढरा पट्टा असलेली लीलाची. लीला परभणीकडची, कायम हिरव्या बांगड्या घालणारी. सुभद्राबाई तार उचलत, नाव घेत, खुंटीत बसवत. "सरला. रुक्मिणी. चंचल. लीला." आवाज मोठा नसे, पण शेजारणीला ऐकू जाई.

"नाव लिधं का मानूस राही जास नही," असं त्या म्हणत. नाव घेतलं की माणूस मागे राहत नाही.

चंचलबेनने एकदा विचारलं, "मौसी, तुमच्या त्या रोटात बायकांची नावं का नाही घेत?"

"तठे पुरुषांची घेतस," सुभद्राबाई म्हणाल्या. "म्हनीसन आठे बायांची. हिशोब बरोबर."

सगळी लाईन हसली. त्या दिवसापासून इतर बायांनीही आपापल्या फळ्यावर नावं सुरू केली. तारा राहायच्या थांबल्या. उसवायची कात्री महिनोन्‌महिने खिळ्याला टांगलेली असे. मी बढाई मारत नाही. ती कात्री माझ्या समोरच्याच खांबावर होती, म्हणून मला माहीत.

आता मी तुम्हाला माझ्या अकराव्या खुंटीची गोष्ट सांगतो. पुढे जे झालं ते सगळं तिच्यावरून झालं.

मी तीन वर्षांचा असताना गाडीच्या कंपनीकडून तक्रारी येऊ लागल्या. रिक्षाचं हँडल पूर्ण वळवलं की हॉर्न बंद पडतो. मोठे लोक आले. त्यांनी टेप बदलली, कपलर बदलला, तांब्याची जात तपासली. तक्रारी येतच राहिल्या. कंपनी म्हणाली, असंच चाललं तर काम दुसऱ्याला देऊ. मगनभाईंची झोप गेली.

सुभद्राबाई रोज कारखान्यातून घराकडे, पर्वत पाटियापर्यंत, रिक्षाने जात. मागे जागा नसली की पुढे ड्रायव्हरच्या शेजारी अर्ध्या सीटवर बसत. एका संध्याकाळी पाटियाच्या गर्दीत ड्रायव्हर हँडल डावीकडे-उजवीकडे पूर्ण वळवत रिक्षा काढत होता. सुभद्राबाईंचं लक्ष त्याच्या गुडघ्यांमधल्या तारांकडे गेलं. डावीकडे वळलं की तारा सैल. उजवीकडे वळलं की ताठ, वाळत घातलेल्या दोरीसारख्या. दुसऱ्या दिवशी दगा माझ्यापाशी एक ढिली खुंटी ठोकायला आला, तेव्हा त्यांनी त्याला धरलं.

"हाई तार तुटी नही ते काय व्हई?" त्या म्हणाल्या. "अकरावी खुटी दीड बोट सरकाई दे."

"ड्रॉइंगवर तठेच शे ती," दगा म्हणाला.

"ड्रॉइंग काय रिक्षामा बसस का?"

दगा माझ्यावर वाकला. दिव्याच्या बाजूला तार थोडी उगाच जास्त होती. खुंटी सरकवली की तेवढी तार हँडलकडे मिळणार होती. हे त्याला दिसलं. त्याने खुंटी उपटली, जुन्या भोकात लाकडाची पाचर बसवून घासली आणि दीड बोट पलीकडे नवं भोक पाडलं. सुभद्राबाईंचं दीड बोट, दगाचं नव्हे. त्यांनी आपलं बोट माझ्यावर ठेवलं आणि त्याने पेन्सिलने खूण केली. ती खूण अजून आहे. मग बाकीच्या फळ्यांवरही त्याने तेच केलं.

दोन महिन्यांत तक्रारी थांबल्या. कंपनीने काचेत बसवलेलं प्रशस्तिपत्र पाठवलं. ते मगनभाईंच्या केबिनमध्ये लागलं. मगनभाई पेढे घेऊन लाईनवर आले. "सुभद्राबेन, तमे तो एंजिनियर निकळ्यां!" म्हणाले आणि पहिला पेढा त्यांना दिला. सुभद्राबाईंनी अर्धा खाल्ला. अर्धा पदराच्या टोकाला बांधून ठेवला, दगासाठी.

पण ड्रॉइंग कोणी बदललं नाही. कागद बदलायचा तर गाडीच्या कंपनीला कळवायचं, त्यांची सही आणायची, नवे नमुने पाठवायचे. "काम चालू आहे ना, चालू दे," मगनभाई म्हणाले. दगाही काही बोलला नाही. सुभद्राबाईंना तर ड्रॉइंगशी देणंघेणंच नव्हतं. त्यामुळे असं झालं की खुंटी खरी जागा सांगत होती आणि माझ्यावर चिकटवलेला कागद जुनी. सोळा वर्षं कोणाचंच काही अडलं नाही.

त्या सोळा वर्षांत धनश्रीसारख्या कितीतरी मुली माझ्यावर शिकल्या. सुभद्राबाई शिकवताना हात धरत नसत. त्या फक्त नाव सांगत आणि वाट बघत. मुलगी चुकीची तार उचलू लागली की म्हणत, "ती नही व माय, ती रुसी जाई." मुलगी हसायची आणि बरोबर तार उचलायची.

मग माणसं कमी होऊ लागली. तारा कापायचं मशीन आलं, तेव्हा कापणाऱ्या बाया गेल्या. दोन वर्षांनी पेट्रोलच्या रिक्षा कमी खपू लागल्या, तेव्हा एक पाळी बंद झाली. लीला त्यात गेली. पण हिरवी-पांढरी तार रोज माझ्यावर पडत होती आणि रोज तिचं नाव घेतलं जात होतं. एकदा लीला सहज भेटायला आली, तेव्हा धनश्रीने तिला सांगितलं, "मावशी, तू गेलीस पण तुझी हजेरी लागते." लीलाने डोळ्याला पदर लावला आणि म्हणाली, "मग पगार कुठंय गं माझा?"

सुभद्राबाईंना मागच्या वर्षी कावीळ झाली. पहिले दोन दिवस त्या तशाच कामावर होत्या, डोळे पिवळे घेऊन. दगाने घरी राहायला सांगितलं. त्या म्हणाल्या, रिक्षावाल्यांचा सीझन आहे. अकरा दिवसांत त्या गेल्या. दिवसकार्य उरकून दगा कामावर आला. माझ्यापाशी येऊन उभा राहिला. माझ्या सगळ्या खुंट्या एकेक हलवून पाहिल्या. एकही ढिली नव्हती. तरी त्याने सगळ्या पुन्हा ठोकल्या.

आता नोटिशीकडे येतो.

नोटिशीत लिहिलं होतं की रिक्षाचं वायरिंग आजपासून इथे बनणार नाही. ते काम तमिळनाडूत, होसूरला जाईल. साठ जणांपैकी बेचाळीस जणांना इथे काम उरणार नाही. आठ जण होसूरला येऊ शकतात. बाकीचे दहा जण माल आवरेपर्यंत इथेच राहतील.

संध्याकाळी मगनभाई स्वतः लाईनवर आले. खुर्ची मागवली नाही, उभेच राहिले. ते बायांशी मराठीत बोलत. त्यांचं मराठी सगळं या लाईनवरच शिकलेलं होतं.

"जुओ बेन," ते म्हणाले, "मी खोटं नाही बोलणार. विचारा काय विचारायचं ते."

"आमच्या कामात काही खोट निघाली का?" सरलाबाईंनी विचारलं.

"ना रे ना. तुमचं काम एक नंबर."

"मग?"

मगनभाईंनी सांगितलं ते मी तुम्हाला साध्या शब्दांत सांगतो, कारण मोठी माणसं हे मुलांना कधी सांगत नाहीत. रिक्षा बनवणारी कंपनी होसूरला गेली. तिने तिथे नवा कारखाना काढला. पेट्रोलची आणि बॅटरीची, दोन्ही गाड्या तिथेच बनणार. पूर्वी ती महिन्याचं वायरिंग एकदम घेऊन गोदामात ठेवायची. आता तिला गोदाम ठेवायचं नाही. सकाळी सांगितलेला माल दुपारी दारात पाहिजे. सुरतेहून ट्रक निघाला तर तीन दिवस लागतात. वाटेत एक घाट अडला की तिकडे गाड्या उभ्या राहतात आणि दंड इकडे येतो. शिवाय तिकडच्या सरकारने जमीन स्वस्त दिली, विजेत सूट दिली. इकडे या रस्त्यावर साडीवाल्यांची गोदामं झाली, जागेचे भाव चढले. बॅटरीच्या रिक्षाचं वायरिंग वेगळं, त्याला नवी मशीनं लागतात. नवी मशीनं घ्यायचीच तर नव्या जागी घ्या, असं बँकही म्हणाली.

"मी नाही गेलो तर दुसरा कोणी तिथे शेड टाकेल," मगनभाई म्हणाले. "मग अठरा जणांचं पण नाही राहणार."

"मग आम्हालाही घेऊन चला की सगळ्यांना," धनश्री म्हणाली.

"तुझा नवरा लूम सोडून येईल? पोरांची शाळा?"

धनश्रीच्या मागून सरलाबाई बोलल्या, कोणाला उद्देशून नाही. "गाव सोडीसन आठे उनूत. आते आखो कितला डाव सोडानं?"

एकदा गाव सोडलं, आता आणखी किती वेळा सोडायचं, हे मगनभाईंना समजलं. त्यांचे वडील सौराष्ट्रातून सुरतेला हिऱ्याच्या कामाला आले होते. ते खाली बघत राहिले. मला त्यांचा राग आला नाही, मित्रांनो. त्यांनी एकोणीस वर्षं पगार वेळेवर दिला. जे सांगायचं ते समोर उभं राहून सांगितलं. एवढं करणारेही थोडेच.

शेवटच्या दिवशी बाया माझ्यापाशी येऊन गेल्या. रुक्मिणीने माझ्यावरची पिवळी तार बोटाने दाबली. "हाईच ना माझी?" म्हणाली आणि गेली. सतरा तारा तशाच होत्या. कोणी उसवल्या नाहीत, कोणी पुढे नेल्या नाहीत. उरलेल्या चौदा तारांची गड्डी धनश्रीने माझ्या चौकटीला सुतळीने बांधून ठेवली.

होसूरला नवे फळे बनणार होते, ड्रॉइंगवरून, मशीनने. त्यामुळे आम्ही जुने फळे भंगारात निघालो. दगा मगनभाईंकडे गेला. "शेठ, एक मला द्या." कोणता, हे मगनभाईंनी विचारलं नाही. म्हणाले, "ले जा, दगाभाई."

पर्वत पाटियाजवळच्या गल्लीत दगाची दीड खोली आहे. टेम्पोवाल्याने मला उभं करून आत नेलं. आता मी भिंतीला टेकून आहे, अर्धी भिंत मीच झाकली आहे. पहिल्याच रविवारी दगाने चौदा तारांची गड्डी सोडली. अठरावी तार मांडायला घेतली. पण ती कोणती, ते त्याला आठवेना. इतकी वर्षं तो सुतारकाम करत ती नावं ऐकत होता. घरी भाकरी थापतानाही सुभद्राबाई ती नावं घोकत. त्याने ऐकलं होतं आणि सोडून दिलं होतं. सतराव्या नावापर्यंत तो दोन वेळा आला. अठरावं नाव आलं नाही. त्याने गड्डी पुन्हा बांधली.

तीन महिन्यांनी दारात एक माणूस उभा राहिला. खांद्याला बॅग, हातात फोन. त्याचं नाव योगेंद्र. मूळचा वर्ध्याकडचा, होसूरला मगनभाईंच्या नव्या कारखान्यात इंजिनियर.

"दगाकाका तुम्हीच ना? मगनभाईंनी पत्ता दिला. तुमच्याकडे जुना बोर्ड आहे म्हणे."

"आहे. का?"

योगेंद्रने फोनवर एक व्हिडिओ दाखवला. नवीकोरी रिक्षा. कोणी तरी हँडल उजवीकडे पूर्ण वळवतं आणि हॉर्न बंद. सरळ केलं की चालू.

दगाने व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला. मग म्हणाला, "अकरावी खुंटी."

"काय?"

"तुमची अकरावी खुंटी ड्रॉइंगवर आहे."

"ड्रॉइंगवरच असणार ना काका! मिलिमीटरपर्यंत तपासली मी."

"म्हणूनच," दगा म्हणाला.

त्याने योगेंद्रला माझ्यापाशी आणलं. पाचर मारलेलं जुनं भोक दाखवलं, नवं भोक दाखवलं, मधली पेन्सिलची खूण दाखवली. योगेंद्र गुडघ्यांवर बसला. पट्टी लावून मोजू लागला. त्याला अकरावीच नव्हे, आणखी पाच खुंट्या सरकलेल्या सापडल्या. कुठे अर्धं बोट, कुठे पाव. त्यातल्या दोन दगालाही आठवत नव्हत्या. सुभद्राबाईंनी कधीतरी हातोडी मागून स्वतःच केल्या असतील.

"हे कोणी केलं?"

"आमच्या मंडळींनी."

"त्या कुठे आहेत? मला भेटायचंय त्यांना."

दगाने भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं. फोटोला हार होता. योगेंद्र उठून उभा राहिला. मग त्याने जे काम होतं ते सांगितलं. त्याला मला होसूरला न्यायचं होतं. कारखान्याचं पत्र होतं त्याच्याकडे. मी कारखान्याचाच, असं पत्रात होतं, आणि ते खोटंही नव्हतं. मगनभाईंनी मला नुसतं तोंडी देऊन टाकलं होतं.

दगा खाटेवर बसला. मला वाटलं, आता तो भांडेल. त्याच्या घरात सुभद्राबाईंच्या बोटाची खूण असलेली वस्तू मी एकटाच. पण मी नाही गेलो तर तिकडे त्या हॉर्नच्या रिक्षा रस्त्यावर येणार, हेही त्याला दिसत होतं. कोणी तरी वळणावर हॉर्न दाबणार आणि तो वाजणार नाही.

"हा नेऊ नका," शेवटी तो म्हणाला. "याचा जोड मी बनवून देतो. दोन दिवस द्या."

"काका, एक मिलिमीटर इकडेतिकडे झाला तर..."

"एकोणीस वर्षं झाला नाही."

योगेंद्र हसला. "बरं. मी काय करू?"

"पुठ्ठे आणा. साडीच्या खोक्यांचे. बाजारात चिक्कार मिळतील. कापड आणू नका, कापड ताणलं जातं."

योगेंद्र पुठ्ठे घेऊन आला. दगाने ते जोडून माझ्याएवढे केले आणि माझ्यावर दाबले. खुंट्यांची टोकं पुठ्ठ्यातून वर आली. त्या भोकांवरून नव्या प्लायवूडवर खुणा झाल्या. योगेंद्र शर्ट काढून बनियनवर करवत धरून बसला होता. दगा त्याला म्हणाला, "साहेब, करवत हळू. ती काही मोबाईल नाही."

तारांचा क्रम पाहिजे म्हणून दगाने धनश्रीला बोलावलं. ती आता घरी साड्यांवर खडे चिकटवते. बोटांना गोंद लागलेला, तशीच आली. दारातून मला पाहिलं आणि तिथेच थांबली.

"सतरा तशाच ठेवल्यात, काका?"

"पुढचं येत नाही मला."

ती माझ्यापुढे बसली. गोंदाची बोटं पदराला पुसली. गड्डी सोडली. अठरावी तार उचलून नाव घेतलं. "कमळ." एकोणिसावी. "इंदिरा." तिचे हात थांबले नाहीत. तीन महिने खडे चिकटवूनही थांबले नाहीत. योगेंद्र वहीत लिहून घेत होता, आधी रंग लिहायचा आणि मग हसून नाव लिहायचा. विसाव्या तारेनंतर त्याने रंग लिहिणं सोडलं. नुसती नावं लिहू लागला.

तिसावी तार झाली. शेवटची काळी राहिली. ही तार सगळ्यांची परतीची वाट असते. दिवा असो, हॉर्न असो, सगळ्यांची वीज तिच्यातून परत येते. ती नसेल तर तीस तारा असून उपयोग नाही.

"हिचं नाव?" योगेंद्रने विचारलं.

धनश्री म्हणाली, "काकूंनी हिला नाव ठेवलं नव्हतं. विचारलं की म्हणायच्या, ती माझी. मी आठेच शे, माले हाक कसाले मारू?"

मग धनश्रीने ती तार दगाच्या हातात दिली. "ही तुम्ही मांडा, काका."

दगाने ती घेतली आणि खिशात ठेवली.

नव्या फळ्यावर मात्र योगेंद्रने आणलेल्या तारांनी पूर्ण वायरिंग झालं. एकतीसच्या एकतीस. दगाने प्रत्येक तारेच्या पहिल्या खुंटीशेजारी ब्रशने नाव लिहिलं. त्याचं अक्षर वाकडं आहे, पण वाचता येतं. काळ्या तारेच्या खुंटीपाशी त्याने सुभद्रा लिहिलं. तेवढंच अक्षर सरळ आलं. जाताना योगेंद्र दगाच्या पाया पडला. म्हणाला, "काका, ड्रॉइंग बदलायला लावतो. सहाही खुंट्या. कोणी बदललं तेही खाली लिहितो."

"चाली जाई," दगा म्हणाला.

आठ दिवसांनी फोन आला. दगाने स्पीकर लावला. पलीकडून योगेंद्र ओरडत होता, "काका, ऐका! डावीकडे!" हॉर्न वाजला. "सरळ!" वाजला. "उजवीकडे, पूर्ण!" वाजला. मागून मुलींचं हसणं आणि तमिळमध्ये काहीतरी ऐकू आलं, आणि त्यात मध्येच स्पष्ट, कोणीतरी तार उचलत असावी तसं, "सरला... रुक्मिणी..." रुक्मिणीचा हेल मात्र तमिळ होता. दगाने फोन ठेवला नाही. पलीकडून कधी बंद झाला ते त्यालाही कळलं नाही.

मित्रांनो, कारखाने जातात. मला त्यांना थांबवता येत नाही. जिथे गाडी बनेल तिथे वायरिंग जाणार. पण जो माणूस आपल्या हाताने एखादं काम सुधारतो, त्याला विचारत जा की तू काय बदललंस. ते त्याच दिवशी लिहून ठेवा आणि त्याचं नाव खाली घाला. तो समोर आहे तोवर करा. काय बदललं ते लिहून ठेवायला तेव्हा एक दुपार पुरली असती.

मी आता भिंतीशी आहे. धूळ साचते, दगा पुसतो. खुंट्यांना महिन्यातून एकदा तेल लावतो. सगळ्या तारा बसल्या की टेप गुंडाळायची आणि वायरिंग उचलून घ्यायचं, हे त्याला माहीत आहे. मग मी रिकामा होईन, हेही माहीत आहे. काही संध्याकाळी तो खिशातली तार काढतो, माझ्यापुढे बसतो आणि पुन्हा खिशात ठेवतो.

माझ्यावर तीस तारा मांडून झाल्या आहेत. काळी तार अजून मांडायची राहिली आहे.